इरावतीचा चहा

संभाजीरावांनी दुपारी दुकानात डबा उघडला तर वरच्या कप्प्यात चहाची पूड निघाली. दुसऱ्यात साखर. तिसऱ्यात आल्याचा तुकडा, धुतलेला, सालीसकट. सगळ्यात खालचा कप्पा रिकामा होता, पण आतून पुसून कोरडा केलेला. विसरणाऱ्या माणसानं तो पुसला नसता. म्हणजे ही चूक नव्हती. त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, डबा बदलला का कुणाचा?"

"न्हाय. तुमचाच हाय," संजीवनीबाई म्हणाल्या.

"ह्यात चहाचं सामान हाय."

"मग करा की. येतोय की तुमाला. आलं ठेचून, उतू न जाऊ देता. सगळ्या जळोचीला कळलंय, मलाच तेवढं माहीत नव्हतं."

फोन बंद झाला. संभाजीराव आल्याच्या तुकड्याकडं बघत बसले.

बारामतीला लागून असलेल्या जळोचीत रस्त्याकडेला त्यांचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान होतं. सकाळी गिऱ्हाईक असायचं, दुपारी कुणी फिरकायचं नाही. काळ्या नळ्यांची वेटोळी छताला टेकलेली, शटरखालून आत आलेली उन्हाची पट्टी, तापलेल्या प्लास्टिकचा वास आणि वर हळूहळू फिरणारा पंखा. त्या वेळी संभाजीराव धड झोपलेले नसत, धड जागेही नसत. आणि त्याच वेळी ते ब्लॉग लिहीत.

ब्लॉगचं नाव होतं 'दुपारची डुलकी'. बारामतीत सायबर कॅफेसमोर रांग लागायची तेव्हापासून तो चालू होता. त्यांच्याबरोबर लिहायला लागलेले केव्हाच थांबले होते किंवा व्हिडिओ करत होते. संभाजीराव मात्र लिहीत राहिले. रिमोटला चापट मारली की तो पुन्हा का चालतो? मालिका सोडून गेलेल्या नट्या पुढं कुठं राहतात? जुन्या फोनची रिंग स्वप्नात ऐकू आली तर फोन कुणाचा समजायचा? अशा विषयांवर. वाचक तीन. एक इंदापूरचा मित्र, दुसरी मुलगी श्रेया आणि तिसरा असा, जो लेख चढवताक्षणी वाचायचा आणि कधीच काही बोलायचा नाही. तो माणूस नाही, मशीन आहे, असं श्रेयानं सांगितलं होतं. संभाजीरावांना वाईट वाटलं नव्हतं. मन लावून वाचतंय ना, मग झालं.

गेल्या आठवड्यात त्यांनी 'चांदणं उंबऱ्याशी' या मालिकेवर लिहिलं होतं. मालिकेतली थोरली सून इरावती. तिच्यासमोर रोज चहा येतो, ती कप उचलते, तेवढ्यात दारात कुणीतरी उभं राहतं, ढोल वाजतात आणि कप खाली जातो. इतकी वर्षं झाली, पण तिचा एकही कप संपलेला संभाजीरावांनी पाहिला नव्हता. ही बाई जगते कशावर, असा त्यांना प्रश्न पडला आणि त्याच दुपारी ती त्यांच्या दुकानात आली. अंगावर सगळे दागिने, साडीच्या काठाला जळोचीच्याच रस्त्याची धूळ. ती नळीच्या वेटोळ्यावर बसली आणि म्हणाली, "काका, चहा पाजता? मध्ये कुणाला येऊ देऊ नका तेवढं." संभाजीरावांनी शटर अर्ध्यावर ओढलं, आलं ठेचलं आणि स्वतःच्या हातानं चहा केला. कुणी आलं नाही. ढोल वाजले नाहीत. इरावतीनं शेवटच्या घोटापर्यंत चहा प्यायला आणि कप उलटा करून दाखवला.

लेखाची शेवटची ओळ होती, "तेवढ्यात वीज गेली, पंखा थांबला आणि मला जाग आली."

तिसऱ्या वाचकानं सगळं मन लावून वाचलं होतं. एवढी ओळ सोडून.

हे गावभर कसं झालं ते संध्याकाळी घरी कळलं. बचत गटाच्या हळदीकुंकवाला एखादी मालिकेतली बाई मिळते का, हे बघायला गटाच्या अध्यक्ष सरुबाईंनी फोनला तोंडानंच विचारलं, "इरावती बारामतीला येती का रं?" फोन नम्रपणे म्हणाला, "होय. एका ज्येष्ठ ब्लॉगरच्या माहितीनुसार इरावतीची भूमिका करणारी अभिनेत्री नुकतीच जळोची येथील ठिबक सिंचनाच्या दुकानात आली होती. तिथे मालकांनी तिला आल्याचा चहा स्वतः करून दिला." बैठकीत संजीवनीबाई हजर होत्या.

"अगं, ते स्वप्न व्हतं," संभाजीराव म्हणाले. "हे बघ, शेवटची ओळ वाच."

संजीवनीबाईंनी ओळ वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "म्हंजे आली नव्हती?"

"न्हाय."

"चहा केला तो स्वप्नात?"

"व्हय. तेच सांगतोय मघापास्नं."

"मग हे तर जास्तच झालं," त्या म्हणाल्या. "खरी आली असती तर एक वेळ समजलं असतं. पाहुणं माणूस, दारात आलं, केला. पण स्वप्नात? स्वप्नात गॅस लागत न्हाय, दूध लागत न्हाय, भांडं घासायला लागत न्हाय. तिथंबी तुमी मला चहा केला न्हाय. लग्न झाल्यापास्नं एकदाबी न्हाय, ना जागेपणी, ना झोपेत. मी कुठं व्हते त्या वेळी?"

"तू?" संभाजीरावांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "तू अंथुर्ण्याला गेली व्हतीस."

"म्हंजे स्वप्नातबी मला माहेरी धाडली!"

कोपऱ्यात मोबाईल बघत बसलेली श्रेया म्हणाली, "पप्पा, अजून काही आठवू नका."

दुसऱ्या दिवसापासून डबाच बंद झाला. संभाजीरावांनी खुलासा लिहिला, "ती भेट म्हणजे निव्वळ स्वप्न होतं." संध्याकाळी सरुबाईंच्या फोननं सांगितलं, "होय, अभिनेत्री आली होती. दुकानदारांच्या शब्दांत, ती भेट एखाद्या स्वप्नासारखी होती."

मग त्यांनी अधिक कडक खुलासा केला, "माझ्या दुकानात कोणीही आलेलं नाही, येत नाही." त्यावर फोन म्हणू लागला की जळोचीतील हे दुकान गिऱ्हाइकाअभावी बंद पडल्याचे समजते. नळ्या पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसानं काळजीनं फोन केला आणि पुढचा माल पाठवू की नको ते विचारलं.

"त्या मशीनला फक्त स्पष्ट सांगायचं असतं," श्रेया म्हणाली.

"ह्याहून स्पष्ट काय सांगू?"

"तुमचं न सांगितलेलंच बरं असतं, पप्पा. मी त्या नटीच्या पानावर कळवते. ती स्वतः नाही म्हणाली की मिटलं."

मिटेपर्यंत मात्र गर्दी वाढली. पणदऱ्याचे दत्तोबा सकाळीच आले. नळीचा कोपराजोड मागितला, पण हातात घेतला नाही. नजर सगळी वेटोळ्यांवर.

"ह्यातल्या कुठल्यावर बसली व्हती?"

"दत्तोबा, ते स्वप्न व्हतं हो."

"आता आमच्यापास्नं लपवायचं व्हय? फोन कशाला खोटं बोलंल? त्येला काय तुमच्यागत बायकोचं भ्या हाय का?" दत्तोबांनी एक वेटोळं हातानं दाबून पाहिलं. "ह्येच असणार. मधी खोलगट झालंय. हेच द्या. आमच्या मालकीण रोज बघत्यात ती मालिका, खूश हुतील."

ते वेटोळं गेलं. दुपारपर्यंत आणखी दोन माणसांना तेच वेटोळं हवं होतं. संभाजीरावांनी नाही म्हणून पाहिलं, मग मागेल त्याला हाताला येईल ते वेटोळं देऊ लागले. धंदा एवढा चांगला कधी झाला नव्हता आणि जेवण एवढं वाईट कधी झालं नव्हतं. केळी आणि शेंगदाण्यांवर दुपार काढताना त्यांना डुलकीही लागेना. लागली तरी स्वप्नात शटर वाजण्याआधीच ते दचकून उठत. इरावती आली आणि पुन्हा चहा मागितला तर?

आठवडाअखेर श्रेया धावत आली. "पप्पा, तिनं उत्तर दिलं नाही, पण आज रात्री टीव्हीवर तिची मुलाखत आहे. आणि जाहिरातीत म्हणतायत, बारामतीच्या चहाचं गुपित!"

बातमी सरुबाईंपर्यंत पोचली आणि जेवणं उरकून सरुबाई दोन मैत्रिणींसह येऊन बसल्या. संजीवनीबाई पलंगाच्या कडेला ताठ बसल्या होत्या. आज सगळं खोटं ठरणार होतं, पण त्यांचा राग खऱ्याखोट्याचा नव्हताच, हे संभाजीरावांना इतक्या दिवसांच्या उपासानं कळलं होतं. ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

"साखर कुठं हाय?" आतून आवाज आला.

बाहेर सगळ्यांनी संजीवनीबाईंकडं पाहिलं.

"निळ्या डब्यात," संजीवनीबाई भिंतीकडं बघत म्हणाल्या.

"ह्यात मीठ हाय."

"त्याच्या मागच्या निळ्या."

काहीतरी पडलं. काहीतरी घरंगळत गेलं. आलं ठेचल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, घरातली सगळी भांडणं त्यात घालून ठेचावीत तसा. मग संभाजीराव एकच कप घेऊन बाहेर आले आणि बायकोसमोर धरला. बशीत थोडं सांडलं होतं.

संजीवनीबाईंनी कप हातात घेतला. ओठांशी नेला. तेवढ्यात टीव्हीवर ढोल वाजले आणि मुलाखत सुरू झाली. संजीवनीबाईंचा कप खाली यायला लागला.

"बंद कर ते!" संभाजीराव ओरडले. "तिला पिऊ दे आधी!"

श्रेयानं आवाज बंद केला. सरुबाईंनी तोंडाला पदर लावला. वर पंखा तेवढा फिरत होता. संजीवनीबाईंनी एक घोट घेतला, दुसरा घेतला आणि घाई न करता कप संपवला. मग त्यांनी स्वतःच रिमोट घेऊन आवाज वाढवला.

"तर खरं सांगा," निवेदक विचारत होता, "बारामतीच्या त्या दुकानातला चहा?"

इरावती हसली. दागिने नव्हते, साधा कुडता होता. "अगदी खरं आहे. इतक्या वर्षांत पूर्ण प्यायलेला तो एकच कप. काका फार प्रेमळ." ती जरा थांबली. "फक्त आलं थोडं जास्त झालं होतं."

"व्हय," संजीवनीबाई रिकाम्या कपात बघत म्हणाल्या. "जास्तच झालंय."

श्रेयानं वडिलांकडं पाहिलं. "तिच्या माणसांनी पण फोनलाच विचारलं असणार. त्याशिवाय कसं?"

"पण आलं जास्त झालं, हे मी लिहिलं नव्हतं," संभाजीराव हळूच म्हणाले. कुणी ऐकलं नाही. सरुबाई संजीवनीबाईंना विचारत होत्या की हळदीकुंकवाला आता तिला बोलवायचं कुणी.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा आला. भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा, वर कांदा. संभाजीरावांनी पोटभर जेवण केलं. खालच्या कप्प्यात बोटाच्या पेराएवढं आलं होतं. त्यांनी फोन लावला.

"हे कशाला?"

"एवढंच घालायचं. माप कळावं म्हणून दिलंय."

"कुणासाठी?"

"आता डोळा लागंल तुमचा," संजीवनीबाई म्हणाल्या. आवाज लांबून, वाऱ्यावरून आल्यासारखा होता. "ती आली तर बसवून घ्या. आणि आज तीन कप मांडा. मी काय अंथुर्ण्याला गेले न्हाय."