आईची दिव्याची बेल

आधीच सांगून ठेवतो, माझ्या डिझाइनमध्ये काडीची चूक नव्हती! घरातले आजही हसतात. हसू देत.

झालं असं, की आईला हल्ली कमी ऐकू येतं. दिवसा ती घरी एकटीच असते आणि दारावरची बेल बिचारी कोकलून दमते. एकदा दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, अर्धा तास दाराबाहेर तिष्ठत उभा आणि आत आई निवांत मटार सोलतेय! त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं, की रविवारी येतो आणि आईला कायमची माझ्याकडे नेतो. आईला अजिबात जायचं नव्हतं. तिच्या कुंड्या इथे, तिच्या मैत्रिणी इथे. ती जेवताना गप्प बसायला लागली, आणि आमची आई गप्प म्हणजे प्रकरण गंभीर.

मी म्हटलं, काळजी नको! मी अशी बेल बनवतो, जी वाजणार नाही, लखलखेल. बाहेर बटण दाबलं की हॉलमध्ये लाल दिवे.

अशी बेल दुकानात तयार मिळते, असं बायको म्हणाली. मी तिच्याकडे नुसतं पाहिलं. सर्किट बोर्ड डिझाइन करायचं सॉफ्टवेअर मी नुकतंच कॉम्प्युटरवर टाकलं होतं आणि माझे हात शिवशिवत होते.

सॉफ्टवेअर मात्र जन्मजात भित्रं निघालं. ही रेघ त्या रेघेला खेटतेय, हा भाग कशालाच जोडलेला नाही, पावलापावलाला सूचना! आमच्या बायकोची मावसबहीणच जणू. मी सूचनाच बंद करून टाकल्या. मग चिप आणि दिव्यांचा ठोकळा टेबलावर उताणे ठेवले, त्यांचे धातूचे पाय वर, आणि दिसले तसे स्क्रीनवर मांडले. सॉफ्टवेअरची समजूत अशी, की माणूस बोर्डाकडे वरून बघतो. आता मी कुठून बघतोय, हे त्याने विचारायला नको?

डिझाइन कारखान्यात पाठवलं आणि शनिवारी बोर्ड बनून आला. हिरवागार, देखणा! चिप बसवायला गेलो तर डावीकडचे पाय उजवीकडे. दिव्यांचंही तेच. नवा बोर्ड यायला पुन्हा चार दिवस लागणार आणि दादा उद्या दारात. पण हार मानेन तो मी कसला! सगळे भाग मी बोर्डाच्या मागच्या बाजूने बसवले. बसले की! दिवेही लागले. फक्त बेलच्या डब्यात बोर्ड एकाच बाजूने बसायचा, त्यामुळे दिव्यांचं तोंड भिंतीकडे झालं. मी डब्याचं मागचं झाकण काढलं आणि डबा भिंतीपासून चार बोटं लांब टांगला. दिवे रुसलेत का, असं बायकोने विचारलं. याला अप्रत्यक्ष प्रकाश म्हणतात, मी तिला सुनावलं. या धांदलीत आईला समजावून सांगायचं तेवढं राहिलं.

रविवारी दादा ठरल्यापेक्षा तासभर आधी उगवला. मी आणि बायको गच्चीत कपडे वाळत घालत होतो आणि आई हॉलमध्ये फरशी पुसत होती. दादाने बटण दाबलं आणि सवयीप्रमाणे दाबूनच धरलं. डबा काळाकुट्ट, आणि त्याच्यामागची अख्खी भिंत लालभडक, लपलपणारी! आईला वाटलं, घराला आग लागली. तिने बादली उचलली आणि भिंतीवर भिरकावली. मग लाडकी कुंडी काखेत मारली, धाडकन दार उघडलं आणि जाऊन आदळली ती थेट दादावर.

आम्ही धावत खाली आलो. भिंत निथळत होती, डबा जमिनीवर आडवा, दादाच्या शर्टावर कुंडीतली माती.

"आई, बॅग भर," दादा मोठ्याने म्हणाला. "इथे एक दिवसही राहायचं नाही."

"दादा," मी म्हटलं, "बेल दाबल्यावर दार लगेच उघडलं की नाही, तेवढं सांग."

दादा शर्टावरची माती झटकायला लागला. उघडलं होतं ना!

आईने कुंडी खाली ठेवली, भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी कुठेही येणार नाही," ती म्हणाली. मी छाती पुढे काढली. "मी गेले तर याच्यावर लक्ष कोण ठेवणार?"

दादाला ते लगेच पटलं. बायकोला तर त्याच्याही आधी.