म्या ‘दिसते’ म्हणलं

मला पाहायला आले तेव्हा मामाजी, म्हणजे माझे सासरे, एकदाच माझ्याकडे बघून म्हणाले, “पोरगी बरी दिसते.” माझे बाबा खुशीत म्हणाले, “बरीच आहे हो आमची पोरगी.” तर मामाजी म्हणतात, “म्या ‘दिसते’ म्हणलं. ‘हाये’ नाही म्हणलं.” सारी बैठक हसली. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

सासरी आले तर रोज तेच. जेवताना म्हणणार, “भाजीत मीठ नाही दिसत.” सासूबाई म्हणणार, “मीठ कधी दिसते का? चाखा!” एकदा शेजारीण ओरडत आली, “धावा, तणसाच्या ढिगाले आग लागली!” मामाजी बादली घेऊन सगळ्यांच्या पुढं धावले, पण धावता धावताही सांगत होते, “धूर दिसते. आग असन.” गोरेगावच्या आठवडी बाजारात भाजीवालीशी हाच वाद. मी पदर ओढून मागं, जशी काही मी यांची कोणीच नाही.

मामाजी नागझिऱ्याच्या जंगलात मजूर होते. एकदा म्हणाले, “चिखलात पंजा दिसते, पोरी. वाघ नाही दिसत. मंग ‘वाघ गेला असन’ म्हणाचं आन् पुढं पाहाचं. ‘वाघ हाये’ म्हणलं का सारे पळतात. पाहत कोणी नाही.”

लग्नाला बरीच वर्षं झाली, तरी मला मूल नव्हतं. एक दिवस सासूबाईंची बहीण सौंदडवरून आली. ओसरीवर बसल्या बसल्या म्हणाली, “सुनेतच दोष हाये. पोराले दुसरी करा. मी पाहून ठेवली.”

मी दाराआड चहा घेऊन उभी. मालक, म्हणजे माझा नवरा, नखानं भुई उकरत होते.

मामाजी म्हणाले, “लेकरू नाही, हे दिसते. दोष कोणाले दिसला?”

“बाईतच असते तो!”

“असू शकते. पोरातही असू शकते.”

“आपल्याच पोराची इज्जत काऊन घालवता, भाऊजी?”

“तपासल्याबिगर कोणाची गेली म्हणाचं?”

मालक उठून बाहेर गेले. सासऱ्याच्या तोंडून अशी गोष्ट ऐकून माझे कान तापले. चहा तसाच ठेवून मी घरामागच्या सांदवाडीत पळाले. मावशी चहा न घेताच निघाली.

दुसऱ्या दिवशी मामाजींनी आम्हा दोघांना बसमध्ये बसवलं आणि दवाखान्यात नेलं. मालकांना पुरुषांच्या बाजूला पाठवलं. माझ्या बाजूच्या बाकावर सगळ्या पोटुशा बाया. माझे पाय तिकडं वळेनात. मी जिन्याखाली उभी राहिले.

थोड्या वेळानं हसू ऐकू आलं. डोकावले तर त्या बायांच्या मध्ये मामाजी बसलेले.

नर्स म्हणाली, “बाबा, ही बायांची लाइन आहे.”

“दिसून रायलं, बाई,” मामाजी खाली मान घालून म्हणाले. “सून लाजाळू हाये माही. तिचा नंबर धरून बसलो.”

बाया तोंडाला पदर लावून हसतच होत्या. मामाजींनी खांद्यावरचा दुपट्टा कपाळावर ओढला, पण उठले नाहीत. त्यांची कानशिलं लाल झाली होती.

आमच्यात सून सासऱ्याच्या बरोबरीनं बसत नाही. मी बाकाजवळ गेले. माझ्याकडे न बघता मामाजी भिंतीकडे तोंड करून थोडे सरकले. मी तिथं बसले.