प्रेमदासजींची टाइमलेस बाथरूम

नाचणगावच्या प्रेमदासजींनी नवी बाथरूम बांधायचं ठरवलं, ते अंगावर पाणी पडलं म्हणून. तेही स्वतःच्या नव्हे, व्याह्यांच्या बाथरूममध्ये.

झालं असं, की मुलीचं, पौर्णिमाचं, लग्न जमलं तेव्हा थंडीत ते नागपूरला व्याह्यांकडे मुक्कामाला राहिले. सकाळी तोंड धुवायला आत गेले, भिंतीतली एक चकचकीत दांडी डावीकडे वळवली (उजवीकडे वळवली असती तर ही गोष्टच झाली नसती), आणि छतातून असा फवारा कोसळला की स्वेटर-मफलरसकट ते चिंब झाले. व्याही धनंजयराव, सिंचन खात्यातले निवृत्त इंजिनिअर, टॉवेल घेऊन धावत आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असू द्या प्रेमदासजी. सवय नसते."

बस्स! शिवी दिली असती तर प्रेमदासजी विसरून गेले असते. पोस्टाच्या खिडकीवर चौतीस वर्षं बसलेल्या माणसाला शिव्या पचतात. ते "सवय नसते" मात्र काही केल्या पचेना.

वर्ध्याच्या टाइल्सच्या दुकानातल्या प्रफुल्लने त्यांचा चेहरा पाहूनच ओळखलं, की हा माणूस बायकोला न विचारता आलाय.

"काका, काळा मॅट घ्या. सध्या तोच ट्रेंड हाय."

"अन उद्या ट्रेंड बदलला तं?"

"बदलतच नाई. टाइमलेस हाय."

आज चालणारं आणि कधीच जुनं न होणारं, असं काही प्रेमदासजींना आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होतं. त्यांनी जमिनीपासून छतापर्यंत काळ्याच टाइल्स घेतल्या. छतातला फवाराही घेतला, व्याह्यांच्या फवाऱ्यापेक्षा चार बोटं मोठा.

नत्थू मिस्त्रीने टाइल उलटीपालटी करून पाहिली. "जी, आपल्या बोअरचं पाणी मालूम हाय ना? पाणी तापवाच्या गंजाले चुना चढते. ह्या काळ्या भिंतीवर थेंब न् थेंब दिसन."

"तू भिंत सरळ लाव. पाण्याचं मी पाहतो."

आणि खरंच, पुढे आठवडाभर त्यांनी दुसरं काही पाहिलंच नाही. पहिल्या दिवशी कमलाबाईंनी आंघोळ केली आणि अर्ध्या तासात भिंतभर पांढरे ठिपके उमटले, कोणी रांगोळी सांडावी तसे. प्रेमदासजी लिंबू, फडकं आणि टॉर्च घेऊन आत शिरले.

"पौर्णिमाची माय, इकडे ये. हा थेंब कोणाचा?"

"थेंबाले नाव असते का?"

"आंघोय झाली की भिंती पुसाच्या. वरपासून खालपर्यंत."

"म्हंजे आंघोय करून घाम काढाचा, अन मंग पुन्हा आंघोय? तुमची बाथरूम तुमाले लखलाभ. मी चालली माया न्हाणीत."

परसात तीन बाजूंनी पत्रे उभे करून केलेली जुनी न्हाणी होती, खाली एक काळा दगड. ती पाडायचीच होती, पण नत्थूने तिथे सिमेंट कालवलं आणि पाडायचं राहून गेलं. कमलाबाई तिथे जाऊ लागल्या. आठवड्याभराने प्रेमदासजीही टॉवेल बगलेत मारून, इकडेतिकडे पाहत, तिथेच जाऊ लागले. बुद्धपौर्णिमेला व्याही मुक्कामाला यायचे होते. तोवर बाथरूमवर एक डाग पडू द्यायचा नव्हता. धनंजयराव आत पाऊल टाकतील, भिंती पाहतील आणि गप्प होतील, एवढ्या एका क्षणासाठी प्रेमदासजी जगत होते.

इकडे नवा गहू घरात आला. आणि घरात एक खोली अशी, की जिथे पाण्याचा थेंब नाही की उंदराला बीळ नाही. ती कमलाबाईंच्या नजरेतून कशी सुटेल? प्रेमदासजी एक दिवस पुलगावहून परतले, तर बाथरूममध्ये पत्र्याच्या दोन कोठ्या गळ्यापर्यंत गव्हाने भरलेल्या, आणि नळाच्या दांडीला सरगुंड्यांच्या, म्हणजे वाळवलेल्या कणकेच्या शेवयांच्या, पिशव्या टांगलेल्या.

"हे काय केलं?"

"काऊन? साऱ्या घरात हेच एक कोरडं हाय."

"अवो, इवाई येऊन राह्यले! काढ आत्ताच्या आत्ता!"

"ओढा मंग."

त्यांनी कोठी जरा ओढली आणि खालून असा कर्रकन आवाज आला की त्यांच्या काळजाला चरा पडला. (टाइलला पडला नव्हता. त्यांनी टॉर्च लावून पाहिलं.) कोठी उचलायलाच हवी होती, आणि उचलायला चार माणसं हवी होती. नत्थूने रविवारी दुपारी चार गडी आणायचं कबूल केलं.

बुद्धपौर्णिमा सोमवारी होती, पण सणाची गर्दी नको म्हणून व्याही शनिवारी संध्याकाळीच आले.

प्रेमदासजींनी बाथरूमला कुलूप ठोकलं. रविवारी सकाळी "पाइपचं काम चालू हाय" असं पुटपुटत त्यांनी बादली उचलली आणि धनंजयरावांना परसातली न्हाणी दाखवली. इंजिनिअर साहेब पत्र्याआड दगडावर बसून अंगावर लोटे ओतत होते आणि बाहेर ह्यांचा जीव तीळ तीळ तुटत होता. ओरडून सांगावंसं वाटत होतं, 'माझ्याकडेही आहे हो! तुमच्यापेक्षा चार बोटं मोठा!'

तेवढ्यात कमलाबाईंना पाहुण्यांसाठी सरगुंड्यांची खीर सुचली. त्यांनी कुलूप काढलं. केस पुसत येणारे धनंजयराव त्या दाराशीच थबकले. काळ्याभोर भिंती. डाग नाही, ठिपका नाही. धनंजयराव गप्प झाले.

हाच तो क्षण! कोठ्याबिठ्या विसरून प्रेमदासजींचा ऊर भरून आला.

"मान गये, प्रेमदासजी!" धनंजयराव म्हणाले. "धान्याच्या खोलीले टाइल्स! असं तं नागपुरातही नाई पाह्यलं. सोंडकिडे चढतीनच कसे?" मग त्यांनी वर पाहिलं. "अन धान्याच्या खोलीत फवारा कशाले?"

प्रेमदासजींनी तोंड उघडलं. पण बाथरूममध्ये गहू भरला, हे व्याह्यांसमोर कबूल करण्याची लाज कमलाबाईंना जास्त होती.

"पाहिजे ना," त्या म्हणाल्या. "गव्हाले कीड लागली तं औषध माराले."

"वा! याले म्हणते डोकं!"

तिसऱ्या दिवशी निघताना धनंजयरावांनी प्रेमदासजींना गाडीमागे बाजूला घेतलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हलकेच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"राग नका मानू, पाइपच्या कामाचा बहाणा समजला मले. पण गव्हासाठी एवढं केलं, आता माणसासाठी एक बाथरूमही बांधून टाका. घाबरू नका. सवय होते हळूहळू."