आठ काळे दाणे

"पिओनी! तीही बियांपासून, घरच्या घरी!" लॅबवाल्या जावयानं चहाच्या टेबलावर जाहीर करून टाकलं. "कोबीच्या गड्ड्याएवढं फूल येतं, सासूबाई! पहिलं तुम्हाला!"

सासूबाई पोटदुखीच्या तपासण्या जावयाच्या लॅबमध्ये करून घ्यायला आल्या होत्या. रिपोर्ट स्वच्छ आले होते, रविवारी त्या परत जाणार होत्या. त्यांनी कप खाली ठेवला. "जावईबापू, तुमच्याकडे तर निवडुंगही वाळला होता ना?"

हे त्याच्या मनाला फार लागलं. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण या बाईंच्या तोंडून त्याच्यासाठी एकदाही 'वा!' निघालं नव्हतं.

पिओनीचं बी गारठ्यात दिवस काढल्याशिवाय जागं होत नाही. म्हणून त्यानं लॅबमधली नवी पारदर्शक डबी आणली, ओल्या वाळूत आठ बिया पेरल्या आणि डबी फ्रिजमध्ये ठेवली. लेबल लावल्याशिवाय त्याचा हात थांबतो कुठला! नाव : सासूबाई. नमुना : काळा, टणक, आठ नग. मुदत : तीन महिने.

दुसऱ्या दिवशी दूध काढायला सासूबाईंनी फ्रिज उघडला.

संध्याकाळी जावई घरी आला, तर दारात चपलांचा ढीग! आत मेहुणा येरझाऱ्या घालत होता, बायको डोळे पुसत होती आणि सासूबाई वाटण्या करत होत्या. "मोठा कुकर लेकीला. शिलाई मशीन सुनेला. करकरणारी खुर्ची जावईबापूंना."

मेहुण्यानं डबी नाचवली. "भावोजी, फक्त तीन महिने?"

घरदार बागकामात रस घेतंय म्हणून जावई खूश! "निदान तीन तरी. घाई केली तर सगळं कुजणार!"

बायकोनं हंबरडा फोडला. "अहो, काही उपाय?"

"उपाय कसला? वाट बघायची. आठातले दोन वाचले तरी नशीब!"

"पोटातून आठ खडे काढले आणि मला पत्ता नाही!" सासूबाई कडाडल्या. "रिपोर्ट स्वच्छ म्हणे!"

"खडे? अहो, बिया आहेत त्या! पिओनीच्या!"

मेहुणा छताकडे बघू लागला. सासूबाईंनी आधी लेकीला देऊ केलेला कुकर परत घेतला.

"बी फ्रिजमध्ये ठेवतं का कुणी?" त्या म्हणाल्या. "बरं, फूल कधी येणार?"

"सगळं नीट झालं तर... पाच वर्षांनी."

"आणि रोप मेलं तर?"

"मग पुन्हा पहिल्यापासून."

"वा!" सासूबाई म्हणाल्या. चौदा वर्षांतलं पहिलं 'वा!' जावयाला भरून आलं. "माझंच फूल आहे ना? मग बघूनच जाते! आणि लेका, घरी गेलास की माझे उरलेले कपडे इकडे पाठवून दे."

तेव्हापासून जावई त्या आठ बियांना तळहाताच्या फोडासारखं जपतो. शेजारपाजारी म्हणतात, केवढं हे फुलांचं वेड! तो नुसता हसतो. सगळी रोपं दगावली, तर सासूबाईंच्या मुक्कामाची पाच वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची आहेत हो!