चेहरा हा विषय सक्तीचा

माणसाला स्वतःच्या पोटातलं दिसत नाही, ही निसर्गाची एक गंभीर त्रुटी आहे. ती दूर करण्यासाठी एकोणनव्वद साली ठाण्यात, कोपरीला, पिठाच्या गिरणीवरच्या माळ्यावर सोनोग्राफी सहायकांचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू झाला. विद्यार्थी एकवीस, मशीन एक. (खाली गिरणी चालू असली की पडद्यावरचं प्रत्येक बाळ कुडकुडताना दिसे. ते आजाराचं लक्षण धरू नये, अशी लेखी सूचना होती.)

कोळीवाड्यातल्या रतननं इथे नाव घातलं. पास झाली तर कल्याणच्या दवाखान्यात पांढरा कोट, नापास झाली तर बाजारात आई शेवंतीच्या शेजारी मासळीची पाटी. मधलं काही नव्हतं.

पहिले दोन महिने पाणी हा विषय. बाईला चार तांबे पाजायचे, दोन तास बसवायचं आणि दर दहा मिनिटांनी, न हसता, "पुढचा नंबर तुमचाच" म्हणायचं. यकृत, मूत्रपिंड, पित्ताशय वगैरे किरकोळ अवयव एका दुपारी उरकले. मग सुरू झाला मुख्य विषय: चेहरा.

त्याचं असं होतं. मुलगा की मुलगी हे सांगायला कायद्यानं नुकतीच बंदी आली होती, आणि संस्थाचालक त्र्यंबक सर कायद्याला देव मानत. "तोंडातून एक शब्द काढायचा नाही," ते बजावत. "तोंड आहे कशाला मग?" म्हणून चेहरे दोन. पहिला: ओठ मिटलेले, डोळे हसरे. दुसरा: नजर खाली, जेली पुसण्यात जरा जास्तच लक्ष. दाढीच्या आरशासमोर रोज दोन तास सराव.

पहिला चेहरा पाहिलेल्या शंभरजणींपैकी शंभर बाळंतपणाला आल्या. दुसरा पाहिलेल्या शंभरांपैकी एक्याण्णव चारच दिवसांत शेजारच्या खोलीत पोट मोकळं करून गेल्या. (उरलेल्या नऊजणींच्या सासवांना कमी दिसत होतं, असं चौकशीत आढळलं. ताबडतोब जादा ट्यूबलाइट बसवण्यात आली.)

परीक्षेला पेशंट खरा, सासू खरी. सासूला दहा सेकंदांत कळलं तर उमेदवार पास. रतनच्या टेबलावर आली तिचीच वहिनी कलावती, दोन मुलींची आई. सोबत सासू म्हणून शेवंती. सरांची हरकत नव्हती. ओळखीचा चेहरा वाचायला सोपा जातो.

गिरणी बंद होती. चित्र स्वच्छ, स्थिर. मुलगी होती. अंगठा चोखत होती.

"काय गो रतन?" शेवंती म्हणाली. "बोल की."

"आये, बोलायचं नसतं."

"मग थोबाड तरी वर कर!"

कलावती छताकडे बघत होती. टेबलाची कड तिनं इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. रतननं थोबाड वर केलं आणि पहिला चेहरा केला. इतका सुबक पहिला चेहरा त्या माळ्यावर आजवर कुणाला जमला नव्हता.

"माझा म्हातारा परत आला गो!" शेवंतीनं टाळ्या पिटल्या आणि बाहेर नारळ आणायला धावली.

"वन्सं, खरंच?" कलावतीनं विचारलं.

"वहिनी, आधी मुतून ये."

त्र्यंबक सर मागेच उभे होते. पडदा त्यांनाही दिसत होता. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. "अगं, लोक केवढ्या विश्वासानं येतात आपल्याकडे!" असं म्हणून त्यांनी निकाल लिहिला. पाणी: उत्तम. चेहरा: शून्य.

पाच महिन्यांनी मुलगी झाली. शेवंती पाटी घेऊनच जिना चढली. "फसवलंत मला!"

"मावशी," सर नम्रपणे म्हणाले, "आम्ही तुम्हाला काही सांगितलंच नव्हतं. सांगणं गुन्हा आहे." तक्रार नोंदवता येईना. रतन बाजारात बसली.

बाराव्या दिवशी बारसं झालं. तुम्हीही आला होतात. पाळण्यात वाकलात, "तिसरीपण का?" म्हणालात, आणि मग झबल्याची नाडी सारखी करण्यात जरा जास्तच लक्ष घातलंत. रतन समोरच घुगऱ्या वाटत होती. तिनं तुमचा चेहरा पाहिला आणि मनात पैकीच्या पैकी गुण दिले. तिला हे शिकायला सहा महिने लागले होते.