न्यूट्रिनोची चिठ्ठी

"न्यूट्रिनो कटला," म्हणत मुख्य संपादकांनी लाल पेन उघडलं.

"नाही हो सर!" शब्दकोशाच्या कचेरीतली सर्वांत नवी संपादिका खुर्चीतून उठलीच. "चार महिने घातलेत मी त्या नोंदीत!"

"मग चिठ्ठी कुठंय?"

चिठ्ठी नव्हती, हीच तर गोम होती. या कोशाचा नियम मोठा कडक. शब्द कितीही थोर असो, तो कुणीतरी रोजच्या बोलण्यात वापरलेला हवा. ते वाक्य, बोलणारा कोण, कुठे बोलला, हे चिठ्ठीवर लिहायचं. चिठ्ठी नाही तर शब्द नाही. वर "जरा हा शब्द बोलून दाखवता का?" असं कुणाला विचारायला सक्त मनाई! बाईंनी अर्थ झकास लिहिला होता: 'विद्युतभार नसलेला, अतिशय हलका, बहुतेक पदार्थांतून आरपार निघून जाणारा मूलकण.' त्यांची आयुष्यातली पहिली स्वतंत्र नोंद! एका प्राध्यापकांची वाक्यंही आणली होती, पण "हे व्याख्यान झालं, बोलणं नव्हे," म्हणून सरांनी ती परत केली होती.

"पाच वाजता 'न'ची पानं छापखान्यात जाणार," सर म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत बाई धावतपळत घरी पोचल्या. सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"आई, गंमत सांगू? आपल्या अंगातून दर सेकंदाला अब्जावधी न्यूट्रिनो जातात!"

"माझ्या अंगातून? मला न विचारता?"

"सगळ्यांच्याच. सूर्याकडून येतात."

"तरीच! सकाळपासून गुडघ्यात कसंतरी होतंय. तिथूनच जात असणार."

"काय जात असणार, आई?" बाईंनी पेन सरसावलं.

"तेच गं, तू म्हणालीस ते!"

अरे देवा! बाई पुढे काही बोलायच्या आत सासूबाईंनी फोन उचलला. सकाळी फिरायला जाणाऱ्या त्यांच्या अकरा मैत्रिणी. "अगं, खिडक्या लावून घे, ते येतायत!" खिडक्यांचा उपयोग नाही, ते भिंतीतूनही येतात, असं बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं आणि आगीत तेल ओतलं. अर्ध्या तासात खालच्या डॉक्टरांच्या दारात ही रांग लागली! बाई वही घेऊन रांगेत फिरू लागल्या.

"मला ते खांद्यातून जातात."

"माझ्या पाठीतून शिरतात, पण बाहेर पडल्याचं काही कळत नाही बाई."

"आमच्या ह्यांच्या डोक्यात काही शिरत नाही, तेवढे ते सुखी."

सगळ्या बोलत होत्या, तावातावाने बोलत होत्या, पण शब्द म्हणून कुणी उच्चारेल तर शपथ! शेवटी डॉक्टरच बाहेर आले. शिकलेला माणूस! बाईंच्या जीवात जीव आला.

"तसल्या कणांनी काही होत नाही! घरी जा सगळ्या!"

"कसल्या कणांनी, डॉक्टर?" बाईंनी काकुळतीने विचारलं.

"तसल्या!" म्हणत डॉक्टरांनी दार आपटलं.

साडेचारला बाई कोऱ्या वहीनिशी कचेरीत परतल्या. आपली नोंद त्यांनी एकदा डोळे भरून वाचली. तेवढ्यात उशिरा जेवायला घरी गेलेले मुख्य संपादक लालबुंद होऊन आत शिरले.

"कुठल्या शहाण्याने हे पसरवलंय?" ते गरजले. "कुणा मैत्रिणीचा फोन आल्यापासून बायको अंथरुणातून उठायला तयार नाही! ह्या मेल्या न्यूट्रिनोंपायी आज मी उपाशी राहिलोय!"

बाईंचं पेन असं काही धावलं की टेबल हललं.

"काय लिहिताय?"

"चिठ्ठी, सर! वाक्य तुमचं, ठिकाण कचेरी, वेळ चार बत्तीस!" बाईंचा आवाज आनंदाने चिरकला.

सरांनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली. चूक सापडेना.

"हे चालणार नाही," ते म्हणाले. "मी संतापात ओरडलो. नियम रोजच्या बोलण्याचा आहे." मग ते कोपऱ्यातल्या मुद्रितशोधकांकडे वळले. बावीस वर्षं त्यांच्यासमोर बसलेला गरीब माणूस. "तुम्हीच सांगा, मी रोज असा बोलतो का?"

मुद्रितशोधकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हो सर," ते म्हणाले. "रोजच."

सरांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणीही मान हलवून नाही म्हणेना. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि चिठ्ठीवर सही केली.