टोमण्यांचा तक्ता

आमच्या विरारच्या नर्सिंग स्कूलमध्ये राऊत मॅडम टोमणे मोजायच्या. पेशंटच्या खाटेला तापाचा तक्ता लावतात ना, तसाच त्यांनी एका वहीत आखला होता. साधा टोमणा एक डिग्री, विद्यार्थिनींसमोर अपमान दोन, मंजूर सुट्टी ऐनवेळी रद्द केली की तीन. टोमणे मारणाऱ्या एकच, आमच्या उपप्राचार्या.

मी तिथे नवीन शिक्षिका. पहिल्याच महिन्यात उपप्राचार्यांनी भर वर्गात मला विचारलं, की तुला पास केलं कोणी. मी स्टाफरूममध्ये येऊन रडत बसले. राऊत मॅडमनी पाणी दिलं, घड्याळ बघून माझी नाडी मोजली आणि वही उघडली. "नेमके शब्द काय होते? मोजलं नाही तर ती नुसती कुरकुर राहते."

त्यांचं सगळ्याच बाबतीत असं. गरम वड्याने जीभ पोळली तरी आधी किती पोळली ते सांगायच्या. आम्ही पाठीमागे हसायचो. पण हळूहळू आम्ही सहाही शिक्षिका मधल्या सुट्टीत आपापला आकडा नोंदवायला त्यांच्याकडे जाऊ लागलो. आकडा सांगितला की अपमान जरा हलका व्हायचा.

शेवटी मॅडम वही घेऊन संस्थेच्या बैठकीत उभ्या राहिल्या. उपप्राचार्या म्हणाल्या, मी फक्त शिस्तीची आहे. मॅडमनी तक्ता पुढे सरकवला.

"सहा जणींचा ताप एकदम चढतो आणि तुम्ही रजेवर गेलात की उतरतो. निदान तुम्हीच सांगा."

अध्यक्ष स्वतः डॉक्टर. त्यांनी तक्ता दोनदा वाचला. ड्यूटी लावायचं काम उपप्राचार्यांकडून काढून घेतलं, आणि त्यांना आम्हा सहा जणींची समोरासमोर माफी मागावी लागली.

संध्याकाळी पेढे घेऊन मी मॅडमच्या गोखिवऱ्याच्या घरी गेले. त्या एकट्याच राहतात. पेढा हातात तसाच धरून त्यांनी सुलभाची गोष्ट सांगितली. ही त्यांची जिवलग मैत्रीण, याच उपप्राचार्यांच्या जाचाने नोकरी सोडून गेलेली. ती रोज रडायची आणि मॅडम तिला म्हणायच्या, तू फार मनाला लावून घेतेस. तेव्हापासून दोघींचं बोलणं नव्हतं.

मग मॅडमनी फोन लावला. पलीकडून 'हॅलो' आलं.

"सुलू," त्या म्हणाल्या, "तुझं खरं होतं गं. आज सगळ्यांनी मान्य केलं."

पलीकडचं उत्तर मलाही स्पष्ट ऐकू आलं, "जेवलीस का?"